कार्ड हातात, नाव यादीत नाही: आमच्या कॉलनीतल्या मतदार मदत खोलीबद्दल

मी नाशिकला सिडकोत खानावळ चालवते. दोन्ही वेळचे मिळून सव्वाशे डबे जातात, त्यातले बरेचसे अंबडच्या कंपन्यांत काम करणाऱ्या पोरांचे. हे आधीच सांगते, कारण ज्या सेवेबद्दल लिहिते आहे तिचा उपयोग मला एकटीला झालेला नाही. माझ्या घराला झाला, माझ्याकडे पोळ्या लाटणाऱ्या बायकांना झाला आणि डबा घेणाऱ्या कितीतरी मुलांना झाला.

सेवा म्हणजे आमच्या कॉलनीतल्या गणेश मंडळाची वरची खोली. दर रविवारी सकाळी 10 ते 1, आणि निवडणूक जवळ आली की रोज संध्याकाळी 6 ते 8. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक सर, त्यांच्या बायको (त्याही शिक्षिका होत्या, त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो) आणि कॉलेजातली चार-पाच मुलंमुली ती चालवतात. दोन टेबलं, एक लॅपटॉप, एक जुना प्रिंटर, भिंतीला टेकवून ठेवलेली गणपतीची मखर. दारावर पाटी नाही, नुसता कागद चिकटवलाय: मतदार मदत. पैसे घेत नाहीत.

मी तिथं पहिल्यांदा गेले ती 2024 च्या जुलैत, आणि गेले ती रागानं गेले.

त्याचं कारण 20 मे. लोकसभेचं मतदान होतं, सोमवार होता. पहाटे 4 ला उठून सकाळचे डबे उरकले आणि 9 च्या सुमारास रांगेत उभी राहिले. ऊन तापलं होतं, पुढच्या आजी पदरानं वारा घेत होत्या. पाऊण तासानं टेबलापाशी पोचले, कार्ड पुढे केलं. समोरच्या मुलीनं यादीवरून बोट फिरवलं, पान उलटलं, पुन्हा मागे आली. म्हणाली, “काकू, तुमचं नाव नाही यात.” ह्यांचं होतं, माझं नव्हतं. मी म्हटलं, अगं कार्ड आहे ना माझ्याकडे, फोटो बघ. ती तरी काय करणार? शेजारच्या खोलीतली यादी बघून आले, बाहेर बसलेल्या पोरांनी मोबाइलवर शोधलं, कुठंच नाही. 1995 च्या विधानसभेपासून एकही मतदान चुकवलं नव्हतं मी. लग्न होऊन आले तेव्हा, पोटुशी होते तेव्हा, ह्यांचं ऑपरेशन झालं त्या महिन्यातसुद्धा जाऊन आले होते. त्या दिवशी घरी येऊन संध्याकाळची कणीक मळायला बसले आणि रडायला आलं. मुलगा म्हणाला, एका मतानं काय होतंय आई. मला त्याचा फार राग आला होता, अजूनही आठवला की येतो.

जुलैत कॉलनीतल्या एकीनं सांगितलं की मंडळाच्या खोलीत सर बसतात, जाऊन तर बघ. सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मधे बोलले नाहीत. मग विचारलं, “घर कधी बदललंत?” मी चकित झाले, कारण घराचं मी काही बोललेच नव्हते. 2021 मध्ये आम्ही भाड्याच्या खोल्या सोडून पलीकडच्या सेक्टरात स्वतःच्या घरात आलो. जेमतेम दीड किलोमीटर. यादीला कळवायचं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं, गॅसच्या नंबराला मात्र आठवणीनं पत्ता बदलून घेतला होता.

सरांनी लॅपटॉपवर आमच्या जुन्या भागाची यादी उघडली आणि शेवटची पुरवणी दाखवली. माझ्या नावाच्या चौकटीवर वगळल्याचा शिक्का आडवा मारलेला. अशा नावांना कारण एका अक्षरात दिलेलं असतं: माणूस वारला तर ‘ई’, जागा बदलली तर ‘एस’, नाव दोनदा आलं तर ‘आर’. माझ्यापुढे ‘एस’ होतं. म्हणजे कोणीतरी पडताळणीला आलं, मी तिथं राहत नाही असं कळलं आणि नाव निघालं. ह्यांचं का राहिलं ते सरांनाही सांगता येईना. पण आपलं नाव नेमकं कसं गेलं हे त्या चौकटीत बघितल्यावर माझा निम्मा राग उतरला. तोवर मला वाटत होतं, कोणीतरी मुद्दाम केलंय.

ह्या खोलीचा मोठेपणा मला इथं दिसला. सर स्वतः नोकरीत असताना 11 वर्षं बीएलओचं, म्हणजे आपल्या भागाची मतदारयादी घरोघरी जाऊन तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं, काम करत होते. शाळा सुटली की दारोदार, सुट्टीत दारोदार. त्यामुळे यादी आतून कशी बनते हे त्यांना पाठ आहे. आलेल्या माणसाला ते कार्ड आहे का असं विचारतच नाहीत. “नाव बघितलंत का?” हा पहिला प्रश्न. कार्ड म्हणजे तुम्ही कोण आहात ह्याचा पुरावा, मत असतं ते यादीत. हे एक वाक्य मला आणि माझ्या आजूबाजूच्या शंभर माणसांना मे महिन्याआधी कळलं असतं तर त्या दिवशी शाळेच्या ओट्यावर कार्ड हातात घेऊन बसलेल्या निम्म्या लोकांना तरी तसं बसावं लागलं नसतं. बरं, कार्ड हरवलेलं असलं तरी अडत नाही. यादीत नाव असेल तर आधार, पॅन, लायसन, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, पेन्शनची फोटोची कागदपत्रं अशी 12 ओळखपत्रं चालतात. त्याची यादी मोठ्या अक्षरात भिंतीवर लावली आहे.

नाव शोधायचं कसं हेही तिथं बसून शिकले. नावानं शोधलं की घोळ होतो, कारण इंग्रजीतून मराठी करताना आडनावांची पार दशा झालेली असते. कार्डावरच्या नंबरानं शोधायचं. तीन अक्षरं आणि सात आकडे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांकडे जुनं काळंपांढरं कार्ड होतं, त्यावर एमटीनं सुरू होणारा तिरप्या रेघांचा लांबलचक नंबर. तो टाकला की काहीच येईना. आजोबा म्हणाले, माझंही गेलं वाटतं. कॉलेजच्या एका मुलीनं अर्धा तास बसून त्या भागाची अख्खी यादी डोळ्यांखालून घातली आणि त्यांना शोधून काढलं. नाव होतं, नंबर नवा झाला होता, वडिलांच्या नावातला एक काना उडाला होता. ती मुलगी बारावीला होती. तिनं वही काढली आणि नवा नंबर, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक सुवाच्य अक्षरात लिहून आजोबांच्या खिशात दिला.

माझं नाव वगळलेलं असल्यामुळे मला नमुना 6 भरावा लागला, म्हणजे नव्या मतदाराचा फॉर्म. ह्यांचं नाव जुन्या पत्त्यावर जिवंत होतं, म्हणून त्यांना नमुना 8, पत्ता बदलण्याचा. मला वाटलं होतं कागदांची चळत लागेल. वय आणि पत्ता दोन्हीला आधार चाललं, सोबत एक फोटो, घरातल्या एका मतदाराचा कार्ड नंबर. फॉर्ममध्ये एक प्रतिज्ञा असते, की माझं नाव दुसरीकडे कुठं नाही. मुलानं सरळ टिक करायला सांगितलं तर बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आधी वाचा, मग सही करा. मग मी चष्मा लावून सगळं वाचलं. एक संदर्भ क्रमांक मिळाला, तो बाईंनी त्यांच्या रजिस्टरात लिहिला आणि मला एका चिठ्ठीवर. पंधरा दिवसांनी बीएलओ ताई घरी आल्या, पत्ता बघितला, शेजारी विचारलं. पुढं महिन्याभरात यादीत नाव दिसलं आणि कार्ड पोस्टानं आलं. ते आलं त्या दिवशी मी खोलीत शिरा पाठवला.

मग घरातलं एकेक प्रकरण काढलं. सुनेचं नाव माहेरी, निफाड मतदारसंघात. आधी अशा वेळी दुसऱ्या मतदारसंघात नव्यानं नाव घालायचं आणि जुनं काढायचं अशी दोन कामं असायची. 2022 पासून नमुना 8 वरच होतं, कार्डाचा नंबरही तोच राहतो. फॉर्म भरताना मी म्हटलं, नाव पण बदलून घे ना, आमचं आडनाव लाव. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सुनेकडे बघितलं. “तुला काय पाहिजे?” सून गप्प. मग हळूच म्हणाली, शाळेच्या दाखल्यावर, बँकेत सगळीकडे माहेरचंच आहे, तेच राहू दे. बाईंनी तेच राहू दिलं. मला तेव्हा जरा लागलं होतं. पण ते मत तिचं आहे, त्यावरचं नावही तिचंच असणार, हे घरी येता येता पटलं. सासूसमोर सुनेला विचारायची हिंमत दाखवणारं टेबल मी आजवर कुठल्या कचेरीत बघितलेलं नाही.

माझ्याकडे पोळ्या करणाऱ्या दोघींपैकी एक सुरगाण्याकडची. तिचं घर, रेशनकार्ड, नागलीची शेती तिकडं. इथं कामापुरती राहते, लावणीला आणि कापणीला गावी जाते. मी तिला सारखी म्हणत होते, इथंच नाव घाल म्हणजे त्रास वाचेल. सरांनी आधी तिला विचारलं, तुझं घर कुठलं समजतेस तू? ती म्हणाली, गावचं. मग तिथंच ठेव, म्हणाले, दोन ठिकाणी मात्र कधी ठेवू नकोस. आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी जे सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं: मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवर असला तरी, आणि धंदा छोटा असला तरी. कायद्यात आहे, कलम 135 ब. मी इतकी वर्षं कंपन्या पोरांना सुट्टी देत नाहीत म्हणून कंपन्यांना नावं ठेवत होते. माझ्या स्वयंपाकघरात दोन बायका रोजावर आहेत आणि मीही मालक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा ती आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं गेली आणि मतदान करून दुसऱ्या दिवशी परत आली, दोन्ही दिवसांचा रोज मी दिला. त्या दोन दिवसांच्या पोळ्या सुनेनं आणि मी केल्या.

आता सासूबाई. त्या तेव्हा 87 वर्षांच्या. गुडघे गेलेले, पण डोकं लख्ख. मे महिन्यात ह्यांनी उचलून रिक्षात बसवून नेलं होतं आणि परत आल्यावर दोन दिवस त्या झोपून होत्या. 85 च्या पुढच्यांना आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं, त्याला नमुना 12 डी भरावा लागतो, हे सरांनी सांगितलं. त्यात दोन गोष्टी त्यांनी लाल शाईनं लिहून दिल्या. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून 5 दिवसांत फॉर्म गेला पाहिजे. आणि एकदा घरून मत द्यायचं मान्य झालं की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, तेव्हा आजींना विचारूनच भरा. विचारलं. सासूबाई म्हणाल्या, केंद्रावर सगळ्या भेटतात गं. मग बराच वेळ बोलल्या नाहीत आणि शेवटी म्हणाल्या, भर.

मतदानाच्या काही दिवस आधी पथक घरी आलं. सकाळचे 11 वाजलेले, ओट्यावर वांग्याची भाजी चढवलेली, घरभर कांद्याचा वास. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओ काढणारा मुलगा. सासूबाईंनी सकाळपासून इरकली लुगडं नेसून ठेवलं होतं. अधिकारी बाईंनी दिवाणासमोर टेबल ओढलं, त्यावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि आम्हा सगळ्यांना आतल्या खोलीत जायला सांगितलं. मी दाराच्या फटीतून फक्त त्यांचे पाय बघत होते, सुजलेले, एकावर एक ठेवलेले. बराच वेळ लागला. कागदाची घडी घातल्याचा आवाज आला, मग पाकीट चिकटवल्याचा. लहान पाकीट मोठ्या पाकिटात गेलं, त्यावर सही झाली. सासूबाईंनी सही केली, अंगठा नाही. चौथी शिकलेल्या आहेत. मी बाहेर आले तर त्या आडोशाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत होत्या. कोणाला दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अधिकारी बाई निघताना त्यांच्या पाया पडल्या.

खोलीतली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथं उमेदवारांबद्दल कोणी बोलत नाही. गळ्यात पक्षाचा रुमाल असेल तर खाली काढून ठेवा म्हणतात, मग या. एकदा एका कार्यकर्त्यानं नवा प्रिंटर द्यायची तयारी दाखवली, फक्त बाहेर छोटा बॅनर लावा म्हणाला. सरांनी हात जोडले. मात्र उमेदवारांची माहिती हवी असेल तर टेबलावर फाइल आहे. प्रत्येक उमेदवार अर्जासोबत शपथपत्र देतो, त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं लिहावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालापासून. ते आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतं. मुलं सगळ्यांची शपथपत्रं छापून मतपत्रिकेच्या क्रमानं लावतात, एकही वगळत नाहीत. मी दोन संध्याकाळी बसून आमच्या नाशिक पश्चिमच्या उमेदवारांची वाचली. 1995 पासून मत देते, उमेदवाराचा कागद हातात घेऊन वाचला तो पहिल्यांदा. काय वाचलं ते इथं सांगत नाही, पण मी घरून ठरवून निघाले होते ते केंद्रावर पोचेपर्यंत बदललं होतं.

सगळ्यात मोठं काम त्यांनी केलं ते 2026 च्या जानेवारीत, महापालिकेला. नाशिकला ह्याआधी फेब्रुवारी 2017 मध्ये मतदान झालं होतं. जवळजवळ नऊ वर्षांत कितीतरी पोरं मतदार झाली, त्यांनी पालिकेचं मत कधी दिलेलंच नव्हतं, आणि आम्ही जुने विसरलो होतो. पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तो वेगळा. यादी विधानसभेचीच, पण प्रभागाप्रमाणे फोडलेली, त्यामुळे केंद्र बदलू शकतं. वेळही वेगळी, सकाळी 7.30 ते संध्याकाळी 5.30. आणि आमच्या प्रभागात चार जागा, म्हणजे एका माणसानं चार बटणं दाबायची. मत कोणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी नाही.

चार बटणांचं लोकांना समजावणं अवघड होतं. माझ्याच खानावळीत एक मुलगा म्हणाला, मग मी चारही एकालाच देतो. बाईंनी बिस्किटाच्या खोक्याचं यंत्र केलं. प्रत्येक जागेला वेगळ्या रंगाचा कागद लावला, कारण खऱ्या मतपत्रिकाही जागेप्रमाणे वेगळ्या रंगाच्या असतात. चित्रं काय लावायची ह्यावर मुलांचा दोन दिवस खल झाला. कपबशी लावावी तर ती कोणाचीतरी निशाणी, शिट्टी तशीच, नारळ तसाच, गॅस सिलिंडर आणि कुकरसुद्धा. घरातली वस्तू धरावी ती निशाणी निघते. शेवटी बाईंनी टिकल्यांची पाकिटं आणली. गोल, लांबट, चंद्रकोर, नागमोडी. प्रत्येक बटणापुढे एक टिकली आणि सगळ्यात खाली ‘नोटा’साठी (यापैकी कोणीही नाही) मोकळी चौकट. पांढऱ्या कागदावरची एक, मग पुढच्या रंगावरची एक, अशा चार. एखाद्या जागेला कोणीच नको असेल तर त्या रंगावरचा नोटा दाबा, पण जागा सोडू नका, चारही झाल्याशिवाय मत पूर्ण होत नाही.

मी ते खोकं दोन दिवस मागून आणलं आणि खानावळीच्या काउंटरवर ठेवलं. डबा न्यायला आलेला प्रत्येक जण दाबून बघायचा. गल्लीतल्या एक आजी चार वेळा आल्या. पहिल्यांदा एकाच रंगावरची चार बटणं दाबली, दुसऱ्यांदा तीन रंगांवर थांबल्या. चौथ्यांदा बरोबर जमलं तेव्हा त्यांनी बोटानं हवेत चार ठिपके मोजले आणि म्हणाल्या, “झालं माझं.” मतदान 15 जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आलं. किंक्रांतीला घराबाहेर चांगल्या कामाला निघायचं नाही असं मानणाऱ्या आमच्याकडे अजून आहेत. त्या आजीही त्यातल्याच, पण सकाळी 8 वाजता काठी टेकत निघालेल्या मी स्वतः बघितल्या.

आता उणीवा, त्याही सांगायला हव्यात.

पहिली म्हणजे जिना. खोली वरच्या मजल्यावर, 19 पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. ज्यांना ह्या मदतीची सगळ्यात जास्त गरज आहे ती म्हातारी माणसं वर चढू शकत नाहीत. मुलं खाली येऊन फॉर्म भरतात, पण त्यासाठी आधी कोणीतरी वर जाऊन सांगावं लागतं. खाली एक घंटा लावा असं मी दोनदा सांगितलं, अजून लावलेली नाही.

दुसरी जास्त गंभीर. सुरुवातीला ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्या अर्जात मुलं स्वतःचा नंबर घालून ओटीपी घ्यायची. भावना चांगली होती, पण मग अर्जाचे सगळे मेसेज त्या मुलाला जाणार, तो उद्या पुण्याला शिकायला गेला की विचारायचं कोणाला? मी हे बोलले तेव्हा एका मुलाला राग आला. सरांनी मात्र त्या दिवसापासून बंद केलं. आता घरातल्याच कोणाचातरी नंबर लागतो, नाहीतर कागदी फॉर्म भरून बीएलओंकडे देतात. कागदाचा रस्ता खुला आहेच, तो लोकांना आधीपासून सांगायला हवा होता.

तिसरी, विधानसभेच्या वेळी वाटलेल्या पत्रकात चुकून लिहिलं होतं की घरी आलेली मतदार चिठ्ठी दाखवली तरी चालतं. चालत नाही. ती चिठ्ठी फक्त केंद्र आणि अनुक्रमांक कळावा म्हणून, ओळखपत्र वेगळं लागतंच. चूक लक्षात आली तेव्हा पत्रकं छापून झाली होती. मुलांनी रात्री बसून प्रत्येक कागदावर पेनानं ती ओळ खोडली. मला त्यांचं तेही आवडलं, पण छापण्याआधी सरांना एकदा दाखवायला काय झालं होतं?

आणि एक दुःख, ज्यात खोलीचा दोष नाही. माझा भाचा सप्टेंबर 2025 मध्ये 18 चा झाला. त्याला वाटलं होतं जानेवारीत मत देता येईल. पण पालिकेसाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली होती, त्यामुळे त्याचं राहिलं. तो खोक्याच्या यंत्रावर सगळ्यांना शिकवत होता आणि स्वतःला मत नव्हतं. आता वर्षातून चार तारखा आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर, आणि 17 पूर्ण झालं की आगाऊ अर्ज करता येतो. घरात अकरावी-बारावीचं पोर असेल तर निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. त्याचा अर्ज सरांनी करून घेतलाय, आणि रविवारी तोच आता तिसऱ्या खुर्चीवर बसतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा जिन्याचा कापला.

जायचं असेल तर रविवारी 11 च्या आत जा, नंतर गर्दी होते. कार्ड असेल तर आणा, नसेल तर घरातल्या कोणाचंही कार्ड आणि आधार घेऊन जा. बायकांनी माहेरच्या यादीचं गाव आणि जुना नंबर आठवून जावा, त्यात वेळ वाचतो. जिन्यातला दिवा गेलाय, मोबाइलचा टॉर्च लावून चढा. आणि कोणी म्हातारं माणूस सोबत असेल तर त्यांना खाली माझ्या खानावळीत बसवा, मी वरून मुलीला बोलावून घेते.